राजहऱ्याचे लोखंड

रायपूरच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढी बोलीत 'पारा' म्हणजे आळी. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी 1741 साली रतनपूरच्या हैहय राज्यावर स्वारी केली. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. राज्यकारभाराच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे कालांतराने रायपूरच्या जुन्या आळ्यांतून स्थायिक झाली. भोसल्यांचे राज्य गेले, इंग्रजांनी 1861 साली मध्यप्रांत स्थापिला, तरी राजधानी नागपूरच राहिली. दफ्तर, न्याय आणि शिक्षण या सर्वांसाठी रायपूरची दृष्टी नागपूरकडे लागलेली असे. या जिल्ह्याच्या भूमीत दडलेल्या लोखंडाची हकीकतही याच रायपूर-नागपूर संबंधातून उलगडत जाते.

त्या काळचा रायपूर जिल्हा फार विस्तीर्ण होता. आजचा दुर्ग आणि बालोदकडील मुलूख त्यातच मोडत असे. त्याच्या पश्चिम भागात दल्ली आणि राजहरा या नावाचे डोंगर आहेत. तेथील दगड तांबूस काळा आणि हाताला विलक्षण जड. त्याचे मोल रानातील लोकांना केव्हाच कळले होते. अगरिया आणि त्यांच्यासारखे लोखंड गाळणारे लोक मातीची लहानशी भट्टी उभारीत, तीत लोणारी कोळसा व खनिज यांचे थर घालीत आणि कातड्याचे भाते पायांनी दाबून तिला वारा देत. अगरियांच्या श्रद्धेनुसार या भट्टीत लोहासुराचा वास असतो. अशा भट्टीतून निघालेल्या गोळ्यावर घण घालून मळी झाडली की नांगराचा फाळ, कुऱ्हाड आणि विळा यांपुरते लोखंड मिळे. गावाची गरज त्यावर भागे.

या उद्योगाची शास्त्रीय नोंद घेणारे गृहस्थ भारतीय भूगर्भसर्वेक्षण खात्यातील प्रमथनाथ बोस हे होत. रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहव्यवसायावरील त्यांचा लेख 1887 साली खात्याच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. योगायोग असा की, ज्या आगगाडीने या भागाला जगाशी जोडले तिनेच विलायती लोखंड स्वस्तात बाजारात आणले. शिवाय जंगलाच्या नव्या कायद्यांमुळे कोळशासाठी लाकूड तोडणे अवघड झाले. भट्ट्या एकामागून एक विझत गेल्या. रायपूरवरून धावणाऱ्या गाड्या परदेशी रुळांवरून चालत, आणि त्या रुळांपासून काही कोसांवर उत्तम लोहखनिजाचे डोंगर निरुपयोगी उभे राहात.

नागपुरास 1877 साली एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाचा कारखाना अनेक वर्षे घोळत होता. त्यांची पहिली दृष्टी चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाकडे वळली. अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांनी त्या भागाची पाहणी केली. परंतु मोठ्या कारखान्यास पुरेल असा साठा तेथे आढळला नाही. हा निर्णय कळविण्यासाठी जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्या अधिकाऱ्यांना भेटावयाचे ते जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालविण्यासाठी ते जवळच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्यप्रांताचा एक रंगीत भूगर्भीय नकाशा होता. त्यावर दुर्गच्या बाजूस लोहखनिजाची खूण स्पष्ट दिसत होती. वेल्ड लगोलग तिकडे रवाना झाले. राजहऱ्याच्या डोंगरावर चालताना पावलांखालचा खडक धातूप्रमाणे वाजत होता, असे त्या शोधाच्या वृत्तांतात सांगितले आहे.

मग कारखाना येथे का झाला नाही? पोलादाला केवळ खनिज पुरत नाही. झोतभट्टीस कोक लागतो आणि कोक होण्याजोगा दगडी कोळसा झरियाकडे, शेकडो मैलांवर. बारमाही पाण्याचीही तशीच अडचण. इतक्यात त्याच प्रमथनाथ बोसांचे 1904 सालचे पत्र टाटांकडे आले. मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाकडे त्यांनी लक्ष वेधले होते. ते स्थान कोळशाला आणि कलकत्त्याच्या बंदराला जवळ होते. जमशेटजी त्याच वर्षी निवर्तले. 1907 साली कंपनी स्थापन झाली आणि साकचीच्या माळावर जमशेदपूर वसले. ज्या संशोधकाने रायपूरच्या लोखंडाची नोंद केली, त्याच्याच पत्राने कारखाना दुसरीकडे गेला. राजहऱ्याचा डोंगर आणखी अर्धे शतक तसाच राहिला.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि दहा लक्ष टनांच्या कारखान्यासाठी दुर्गजवळच्या भिलाईची निवड झाली. मध्यप्रदेशची राजधानी तेव्हा नागपूरच होती आणि मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल हे रायपूरचे रहिवासी होते. पाण्यासाठी तांदुळा जलाशय होता, नंदिनीचा चुनखडक जवळ होता आणि झरियाचा कोळसा रेल्वेने आणणे आता शक्य होते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. 1960 मध्ये रुळांची रोलिंग मिल सुरू झाली. सुमारे बाराशे अंशांपर्यंत तापविलेला पोलादाचा लालभडक ठोकळा रुळांच्या आकाराच्या खाचा असलेल्या लाटण्यांमधून पुनःपुन्हा दाबून नेला की तो लांबत जातो, त्याचे कण घट्ट बसतात आणि शेवटी रूळ बाहेर पडतो. रायपूरच्या वाटेवरून परदेशी रूळ पाहणाऱ्या भूमीने देशाला रूळ पुरविण्यास प्रारंभ केला. अलीकडे तेथे 130 मीटर लांबीचा अखंड रूळ लाटला जातो.

मात्र या यशाच्या हिशेबात एक दुसरी बाजू मांडावीच लागते. राजहऱ्याच्या खाणीत हाताने दगड फोडणारे हजारो स्त्रीपुरुष ठेकेदारांच्या हाताखाली होते. 1977 साली त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभी केली. त्या वर्षीच्या पोलीस गोळीबारात कामगार मृत्युमुखी पडले. यंत्रे आणावीत, पण माणसांना देशोधडीला लावू नये, हा त्यांचा आग्रह होता. 1983 मध्ये त्यांनी स्वतःच्या श्रमाने व वर्गणीने शहीद रुग्णालय उभारले. नियोगींची 1991 साली भिलाईत हत्या झाली.

आता दल्ली-राजहऱ्याचा साठा संपत आला असून भिलाईची नजर बस्तरच्या बाजूच्या रावघाटाकडे वळली आहे. तेथील डोंगरांवरही आदिवासींचीच वस्ती आहे. भाता दाबणारे हात पहिल्या वेळी आगगाडीने रिकामे केले, दगड फोडणारे हात दुसऱ्या वेळी यंत्रापुढे उभे राहिले. रावघाटाच्या खनिजातून रूळ लाटले जातील यात शंका नाही. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वाट्याला त्यातून काय येते, यावरच या तिसऱ्या प्रकरणाचे मोल ठरेल.