ओसंडायला काठ लागतो

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाचीचं. ती कोंढ्याला असते, यंदा बारावीत आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, पुस्तकात लिहिलंय की बाजार माणसांनी 'टीम' करत होता. टीम म्हणजे संघ ना? मग बाजार संघ कसा करेल?"

मी आधी हसलो. स्पेलिंग वेगळं, शब्द वेगळा, असं सांगून फोन ठेवला. नंतर शब्दकोश उघडला, तर भाची फारशी चुकलेली नव्हतीच! दोन्ही शब्द एकाच घरातले. जुन्या इंग्रजीत 'टीम' म्हणजे संतती, वंश, आणि एकत्र जुंपलेली जनावरंसुद्धा. त्यावरूनच क्रियापद झालं, त्याचा अर्थ पिल्लं घालणं. पुढे पिल्लांची आठवण गेली आणि नुसतं 'गजबजणं' राहिलं.

मग नादच लागला. 'स्वॉर्म' मधमाश्यांच्या थव्यावरून आला. 'सीद' म्हणजे मुळात उकळणं, आपलं दूध उतू जातं त्याच्या जवळचं. 'ब्रिम' म्हणजे काठ, आणि काठापर्यंत भरणं म्हणजे ब्रिम करणं. सगळ्यात गंमत 'अबाउंड'ची. लॅटिनमध्ये 'उंडा' म्हणजे लाट. लाट काठाबाहेर आली की झाली विपुलता. 'रिडंडंट' त्याच लाटेचा, म्हणजे मुळात भरून बाहेर वाहिलेला. आता कंपनीला नको झालेल्या माणसालाही तोच शब्द लावतात. 'सराउंड'सुद्धा त्यातलाच! पंधराव्या शतकात त्याचा अर्थ पाण्याखाली बुडवणं असा होता. लोकांना त्यात 'राउंड' ऐकू येऊ लागला आणि सतराव्या शतकापर्यंत तो 'वेढणं' होऊन बसला.

म्हणजे ज्याला जे भरून वाहताना दिसलं, त्यावरून त्याने शब्द केला. आपल्याकडेही तेच. ओसंडणं, उतू जाणं, दुथडी भरणं, गजबजणं, लगडणं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा आमचा भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. मुंबई-पुण्याच्या पंडितांपासून फार लांब.

आमच्याकडे भरून वाहण्याचा अर्थ तलावांनी शिकवला. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी या भागात तलाव बांधले. उताराला मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवायचा आणि खाली धानाच्या बांध्या. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या नावे झाले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले, म्हणजे माजी मालगुजारी. मालकी गेली तशी पाळीची देखभाल सैल पडली, गाळ साचत गेला.

लहानपणी आत्याच्या गावी जायचो. वैनगंगेच्या काठचं गाव. रोवणीच्या दिवसांत कोणीतरी ओरडत यायचं, "सांडवा चालू झाला!" की सगळं गाव पाळीवर. पोरं मासे धरायला, म्हातारे नुसते पाहायला. सांडवा वाहिला म्हणजे धान हाती येणार, लग्नं ठरणार. तलावाचं काठाबाहेर येणं ही आमच्याकडे आनंदाची बातमी होती.

२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. कोंढ्याच्याच पवनी तालुक्यात, वैनगंगेवर, ३३ दारांचं धरण. खालच्या कित्येक शेतांना पाणी मिळालं, ते नाकारून चालणार नाही. पण आत्याचं गाव धरणाच्या पोटात गेलं. आत्या नव्या वसाहतीत आली, पुढे भंडाऱ्याला मुलाकडे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. गोसीखुर्दची सगळी दारं उघडली, तरी भंडारा शहरात पाणी शिरलं. त्या रात्री आत्याचा फोन आला होता, "घेरलं रे बाबू पाण्यानं."

तेव्हा मला फक्त तिची काळजी होती. आता कोश पाहताना कळतंय की तिच्या एका वाक्यात 'सराउंड'चे दोन्ही अर्थ होते. काही शतकांत इंग्रजीने जे वेगळं केलं, ते त्या रात्री पुन्हा एक झालं.

पूर ओसरल्यावर भेटायला गेलो. मी म्हटलं, "आत्या, यंदा पाणी भरपूर झालं." ती म्हणाली, "भरपूर कायचं? आपला तलाव तर बुडालाच ना. आता त्याचा सांडवा कुठून वाहणार?"

तिचं म्हणणं खरं होतं. गावचा तलाव, पाळ, सांडवा, सगळं आता एकाच पाण्याखाली आहे. पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. पण ओसंडायला काठ लागतो. काठच नसेल तर ती नुसती बुडी.

काल भाचीला परत फोन केला. टीमचा अर्थ सांगितला, लाटेची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, परीक्षेत एवढं नाही विचारत." मी म्हटलं, "माहीत आहे. पण एकदा आजीला सांडव्याबद्दल विचारून ठेव."