चिलखताचे चाळीस पदर

मराठीत ‘चिलखत’ म्हटले की डोळ्यांपुढे लोखंडी कड्यांचा सदरा उभा राहतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढविले होते, हे शाळेपासून आपण वाचत आलो. परंतु उर्दू-फारसी शिकविणाऱ्याच्या कानाला हा शब्द निराळा लागतो. अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त शस्त्रागाराचे जे वर्णन केले आहे, त्यात ‘चिहलकद’ हे नाव येते. पोलादी बख्तरावरून घालावयाचे ते एक वस्त्र होते. त्याच कुळातला दुसरा शब्द म्हणजे ‘चिहलता’, बोलीत ‘चिलता’. चिहल म्हणजे चाळीस आणि तह म्हणजे घडी, पदर. येथे चाळीस मोजत बसू नये. फारसीत हा आकडा ‘पुष्कळ’ या अर्थानेही चालतो. इस्फहानच्या ‘चिहल सुतून’ महालाला खांब वीसच आहेत, उरलेले वीस समोरच्या हौदाच्या पाण्यात मोजतात! चिलखत हे चिहलकदचेच मराठी रूप असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास आज आपण लोखंडासाठी वापरतो तो शब्द मूळचा कापडाचा ठरतो.

मग हे कापड गेले कुठे? हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की शस्त्रांच्या दालनात नजर पोलादावरच खिळते. लोखंड गंजूनही उरते. कापडाला वाळवी लागते, ओल लागते, आणि फाटले की त्याचे पोतेरे होते. जे टिकले त्यावरून आपण इतिहास लिहिला आणि सामान्य शिपायाच्या अंगावर काय होते, हा प्रश्न मागे पडला.

ग्रीकांच्या बाबतीतही हेच घडले. अलेक्झांडरने इ. स. पूर्व ३३१ मध्ये गौगमेलाच्या लढाईत दुपदरी लिननचे उरस्त्राण घातले होते आणि ते इससच्या लुटीत, म्हणजे इराण्यांच्या सामानात, मिळाले होते, असे प्लुटार्क सांगतो. हेरोडोटसच्या मते इराण्यांनी युद्धातले उरस्त्राण इजिप्तकडून उचलले. इ. स. पूर्व ४८० मध्ये झर्क्सीसने ग्रीसवर नेलेल्या सैन्यात असीरियन तुकडी लिननच्या उरस्त्राणात होती आणि त्याच सैन्यातले हिंदी शिपाई सुती कपड्यांत होते, हीसुद्धा त्याचीच नोंद. पुढे पंजाबात अलेक्झांडरच्या फौजेला नवी चिलखते आली तेव्हा जुनी जाळून टाकली, असे कर्टियस लिहितो. लोखंड कोणी जाळत नाही.

लिनन म्हणजे अळशीच्या, आपल्याकडच्या जवसाच्या, दांड्यातला धागा. मराठवाड्यात जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात. त्याच्या धाग्याचे कापड आपल्याला फारसे परिचित नाही. अरबी-फारसीत त्याला ‘कतान’ म्हणतात आणि उर्दू शायरीत हे कतान इतके नाजूक की चांदण्यानेही ते विरते, असा संकेत आहे. शायरांनी ज्याला चांदणे सोसू दिले नाही, त्यानेच योद्ध्यांनी बाण अडविले.

ते तयार कसे करीत, यावर विद्वानांत वाद आहे. अमेरिकेतील इतिहासकार ग्रेगरी ऑल्ड्रेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिननचे थर सरसाने चिकटवून चिलखते बनविली, त्यांवर बाण सोडले आणि २०१३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे १२ मिलिमीटर जाडीचे कापड त्या काळच्या बाणांपासून बऱ्यापैकी संरक्षण देते, हा त्यांचा निष्कर्ष. प्रयोग मोलाचा आहे. परंतु सरस वापरल्याचा भक्कम पुरावा प्राचीन ग्रंथांत नाही आणि इतर अभ्यासक शिवलेल्या किंवा जाड विणलेल्या कापडाकडे बोट दाखवितात. दख्खनमधून पाहणाऱ्याला शिवणच अधिक पटते, कारण ती परंपरा आपल्याकडे प्रत्यक्ष होती.

आपल्या कापडी चिलखताचे तंत्र गोधडीचेच. सुती कापडाचे पदर एकावर एक ठेवायचे, मध्ये पिंजलेला कापूस भरायचा आणि जवळजवळ दोरे घालून सारे दाबून शिवायचे. टाके दूर पडले तर कापूस गोळा होतो आणि मधली जागा पोकळ राहते. चिलखताचा जीव त्या टाक्यांत. तलवारीचा वार पडला की पाते असंख्य धाग्यांत रुतते आणि त्याचा जोर पसरतो. जोरदार भाल्यापुढे मात्र कापड हरते. ग्रीक प्रवासी पौसानियसने तर स्पष्टच म्हटले आहे की लिननचे उरस्त्राण लढवय्यापेक्षा शिकाऱ्याच्या कामाचे, कारण सिंहाचे दात त्यात मोडतात. तथापि नुसते लोखंडही पुरत नाही. कडी न तुटता गदेचा घाव हाड मोडू शकतो, म्हणून जाळीच्या आत कापडी अस्तर लागतेच. बाराव्या शतकातील सीरियाचा सरदार उसामा इब्न मुनकिज़ याने आपल्या ‘कज़ागंद’चे वर्णन केले आहे: लोखंडी जाळ्या आणि त्यांच्या जोडीला नमदा, कच्चे रेशीम व सशाचे केस. फारसीत ‘कज़’ म्हणजे कच्चे रेशीम आणि ‘आगंद’ म्हणजे भरलेले.

श्रीमंतांसाठी याच चिलत्यावर मखमल चढे आणि सोनेरी मुलाम्याचे खिळे ठोकले जात; त्याला ‘चिलता हज़ार माशा’ म्हणत. म्हैसूरकडे ‘पेटी’ होती, म्हणजे धडाभोवती गुंडाळावयाचा अनेक पदरी जाड पट्टा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतानच्या शस्त्रागारातल्या वस्तू विजेत्यांनी वाटून नेल्या. म्हैसूरच्या पेट्या आज ब्रिटनमधल्या संग्रहांत पाहावयास मिळतात.

तलवार घडविणाऱ्या कारागिराचे नाव कधी कधी पात्यावर कोरलेले आढळते. कापूस पिंजणाऱ्याचे नाव कापडावर कोण घालणार? दख्खनमध्ये पिंजण्याचा धंदा पिंजारी, नदाफ आणि तेलंगणात दूदेकुला या मुस्लिम जमातींकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. महाविद्यालयांत या घरांतली मुले आपल्यासमोर बसतात, आणि मध्ययुगीन शस्त्रास्त्रांच्या पाठात त्यांच्या आजोबांच्या धनुकलीचा उल्लेख येत नाही. हा पाठ घेताना जुन्या वाकळीचा एक तुकडा आणि दाभण वर्गात न्यावा. एका पदरातून दाभण सहज पार होते. तुकड्याची चौपदरी घडी घालून तेच करावयास सांगितले की मुलांना अंगठ्याचा जोर लावावा लागतो.