फोंतेन्हास : जतन कशाचें ?

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं मागें वळून पाहतांना आमचें मन कृष्णाकांठावरून मांडवीकांठीं जातें. पणजी येथील फोंतेन्हास ही जुनी वस्ती आम्हीं पायीं हिंडून पाहिली. तेथें मिळालेला धडा प्रिय वाचकांपुढें ठेवीत आहों.

खाडी व आल्तिन्हो टेकडी यांच्या मध्यें ही वस्ती आहे. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून तिला नांव पडलें. जुनें गोवें रोगराईनें ओस पडत गेलें. १७५९ सालीं व्हाइसरॉयनीं पणजीस बिऱ्हाड हलविलें आणि १८४३ त तेथें राजधानी झाली. मग माडांच्या बागेच्या जागीं घरें उठलीं. अरुंद गल्ल्या, कौलारू छपरें, सज्जे, निळ्या-पिवळ्या-तांबड्या भिंती ! पोर्तुगीज अमदानींत पावसाळा सरतांच दरसाल घरें रंगविण्याचा दंडक होता, व शुभ्र रंग देवळांसाठींच राखलेला असे. भिंत टिकते ती नुसत्या दगडानें नव्हे, तर दरसाल फिरणाऱ्या हातानें.

परंतु येथें रंगांहून मोठें कांहीं जतन झालें आहे. संत सेबॅस्टियनच्या प्रार्थनामंदिरांतील भव्य क्रूस मूळचा जुन्या गोव्यांतील इन्क्विझिशनच्या वाड्यांतला. १५६० त स्थापिलेलें तें न्यायासन १८१२ त कायमचें उठलें; क्रूस पणजीच्या राजवाड्यांत आला, व १९१८ त येथें. अन्यत्र प्रभूचें मस्तक झुकलेलें व नेत्र मिटलेले असतात. येथें मस्तक ताठ, नेत्र उघडे. आरोपींस धाक बसावा म्हणून तसें घडविलें, असें सांगतात. पूर्वजांच्या चालीरीती सोडल्या नाहींत, या संशयावरून कित्येक बाप्तिस्मा घेतलेल्यांनाहि त्या न्यायासनापुढें उभें राहावें लागलें. जो स्वतः अन्यायानें दंडिला गेला, त्याच्याच प्रतिमेखालीं हें घडावें, या विचारानें आमची मान खालीं गेली.

तो क्रूस कोणी लपविला नाहीं, हें आम्हांस मोलाचें वाटतें. आज भाविक त्याच्यापुढें भयानें नव्हे, प्रेमानें गुडघे टेकतात. सत्याच्या सेवेच्या नांवाखालीं ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून घडलेल्या पापांबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनींहि १२ मार्च २००० रोजीं देवाची क्षमा मागितली.

आम्ही सांगली परिसरांतील माणसें २००५ व २०१९ चे महापूर विसरलों नाहीं. पाणी कोठवर चढलें होतें ती खूण जो पुसून टाकतो, तो पुढच्या पुरांत फसतो. स्मरणिकेचेंहि तसेंच. तींत आपल्या पूर्वसूरींचे कष्ट लिहूं या, तसेच आपसांतले तंटे व हेळसांडहि झांकूं नयेत. महोत्सवाचें शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशीं फुंकावें, अशी लेवीयाच्या ग्रंथांत आज्ञा आहे. त्या क्रूसाचे उघडे नेत्र आपणांकडेहि पाहत आहेत. ते करुणेनें पाहत आहेत, हीच आपली आशा.