हातचा बूट : कुणाचा हात?

सूतगिरणीत आठ तास चपलेवर उभं राहिलं की टाचा सुजतात. फरशीवर तेल सांडलेलं असतं, पाय सरकतो. म्हणून ठरवलं, एकदा चामड्याचे चांगले बूट घ्यायचेच. शहरात एका दुकानाच्या काचेत जोड दिसला. जाड तळ, पिवळा दोरा. खाली पाटी : हातानं बनवलेले, अस्सल चामडं, कामगार बूट. किंमत वाचली. पुन्हा वाचली. माझा दीड महिन्याचा पगार. आतला पोरगा म्हणाला, हे फॅशन म्हणून जातात. म्हणजे बूट कामगाराचा, आणि कामगार सोडून बाकी सगळे घालणार.

आमच्या गल्लीच्या तोंडाला चांभारकाका बसतात. त्यांना सांगितलं. आरी थांबवून काका म्हणाले, "माझा बा सगळं हातानंच करत होता की. त्याला कुणी अस्सल म्हटलं नाही. विटाळ म्हटलं."

हे वाक्य डोक्यात घुसलं ते निघेना. तेव्हा वाचनालयात जाऊन बुटाचा इतिहास हुडकत बसलो. तो थेट अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात घेऊन गेला. मित्रांनो, तो आपल्याला ठाऊक असायला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथं घरामागं दहा बाय दहा फुटांची खोपटी असत. त्यात पुरुष फर्म्यावर बूट चढवायचे, बाया घरात वरचं चामडं शिवायच्या. सगळं हातानं. त्यातला एक माल म्हणजे 'ब्रोगन', कामाचा राकट बूट. त्याचं मोठं गिऱ्हाईक कोण? दक्षिणेतले गुलामांचे मालक. पेट्याच्या पेट्या जायच्या. कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांच्या पायात तो बूट जायचा. चामडं इतकं ताठ की पाय सोलून निघायचे. त्या काळात पुष्कळ बुटांना डावा-उजवा असा फरकही नसे. बुकर टी. वॉशिंग्टन गुलामीत जन्मले. त्यांना आठवणारा पहिला बूट लाकडी तळाचा होता, वर नुसतं खरबरीत चामडं. आज ज्याला 'वर्क बूट' म्हणून काचेत ठेवतात त्याची एक पिढी ही.

इथं एक माणूस भेटतो, हेन्री विल्सन. गरिबाचा पोर, लहानपणी करारानं शेतावर बांधलेला. पुढं नॅटिक गावात चांभारकी शिकला, ब्रोगनचा कारखानदार झाला, मग सिनेटर. गुलामगिरीचा कट्टर वैरी. राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामी १८६२ साली ज्या कायद्यानं संपली, तो त्यानं मांडला. १८७३ मध्ये तो उपराष्ट्राध्यक्ष झाला. पण त्याच्या कारखान्यातला माल दक्षिणेच्या बाजारात जात होता. मी त्याला ढोंगी म्हणणार नाही. एवढंच म्हणतो, माणूस मनानं सुटला तरी त्याचा धंदा साखळीत अडकलेला असू शकतो.

२२ फेब्रुवारी १८६० ला लिन शहरात चांभारांचा प्रचंड संप झाला. मार्चमध्ये बाया बर्फ पडत असताना मोर्चा घेऊन निघाल्या. त्यांच्या फलकावर लिहिलं होतं की आम्ही गुलाम होणार नाही. शाब्बास! पण खरे गुलाम त्यांच्याच राज्यातले बूट घालून कापूस वेचत होते, त्यांचं नाव फलकावर नव्हतं.

मग यंत्रं आली. वरचं चामडं शिवायचं यंत्र आलं, तळ शिवायचं आलं. गुडइयर नावाचं यंत्र आलं. ते बुटाच्या कडेनं चामड्याची वादी शिवतं आणि तळ त्या वादीला शिवतं, म्हणून तळ झिजला की नवा घालता येतो. एक काम मात्र हातातच राहिलं : वरचं चामडं ओढून, चुण्या पाडून लाकडी फर्म्यावर बसवायचं. हे करणारे 'लास्टर' दिवसाला पन्नासेक जोड काढत. आमचं काम यंत्राला जन्मात जमणार नाही, असा त्यांचा तोरा होता.

आणि ते जमवलं एका काळ्या माणसानं. यान अर्न्स्ट मात्सेलिगर. जन्म १८५२, सुरीनाम, डच वसाहत. बाप डच, आई काळी. दहाव्या वर्षी यंत्रशाळेत, एकोणिसाव्या वर्षी जहाजावर. १८७३ च्या सुमारास तो अमेरिकेत उतरला. पुढं लिनच्या कारखान्यात तळ शिवायच्या यंत्रावर लागला. इंग्रजी धड येत नव्हतं. दिवसा पाळी, रात्री पुस्तकं. शेजारी लास्टरांचे हात कसे फिरतात ते बघायचा आणि खोलीवर येऊन सिगारच्या खोक्यांची फळकुटं, तारा असलं जोडून नमुना करायचा. पोटाला चिमटा. देवाच्या घरीही जागा नाही : गावातल्या एकापेक्षा जास्त चर्चनी काळा म्हणून नाकारला, शेवटी एकानं घेतला.

२० मार्च १८८३ ला पेटंट मिळालं, क्रमांक २७४२०७. यंत्र दिवसाला दीडशे ते सातशे जोड काढायला लागलं. बुटाच्या किमती निम्म्यावर आल्या. ज्यांचे पाय उघडे होते त्यांना बूट मिळाला. पण पैसा उभा करण्यासाठी त्याला पेटंटातला दोन तृतीयांश वाटा भांडवलवाल्यांना द्यावा लागला. २४ ऑगस्ट १८८९ ला तो क्षयानं मेला. वय ३६. त्याच्या यंत्राची कंपनी १८९९ मध्ये 'युनायटेड शू मशिनरी'त गेली. ही कंपनी आपली मुख्य यंत्रं विकत नव्हती, भाड्यानं द्यायची. कारखान्यातले लोक त्या यंत्राला काळ्यांना हिणवायचा शब्द लावून हाक मारत. पोटावर पाय देणारा मालक, आणि शिवी जातीला! अमेरिकी टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं ते १९९१ मध्ये. मेल्यावर एकशे दोन वर्षांनी.

आता हातकामाला भाव का आला ते कळतं. यंत्राचा माल सगळ्यांना मिळाला, म्हणून हाताचा माल थोड्यांचा झाला. त्यातही 'हातानं बनवलेला' म्हणून विकला जाणारा पुष्कळ बूट गुडइयरच्या यंत्रावरच शिवलेला असतो. म्हणजे हात नाही, हाताची कहाणी विकतात.

तो काळा माणूस अमेरिकेत उतरला त्याच सुमारास, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. इतक्या लांबून त्यांनी नातं ओळखलं होतं. आमच्या मुंबईच्या गिरण्यांत मात्र अस्पृश्याला साचेखात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, तो विटाळेल म्हणून. महारानं त्रासन खात्यात कमी पगारावर राबायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. लिनच्या फलकावर गुलामाचं नाव नव्हतं, इथं मागण्यांच्या यादीत आमचं नव्हतं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल फिरवली, आधी नावसुद्धा न घेता. ओरड झाल्यावर कबूल केलं. इथं विटाळ, तिथं फॅशन. चामडं तेच, टाका तोच.

म्हणून काय आपण आरीची आरती करायची? नाही. काकांचा पोरगा आरीला शिवत नाही, आयटीआय करतो. त्याला परत ये म्हणायचा हक्क मला नाही, मिलानवाल्यालाही नाही. ज्याला राहायचं त्याला नाव आणि वाटा मिळाला पाहिजे. ज्याला सोडायचं त्याची वाट मोकळी पाहिजे.

मी बूट घेतला नाही. गेल्या मीटिंगमध्ये मागणी टाकली : खात्यातल्या प्रत्येकाला कंपनीनं बूट द्यावा, कंत्राटी झाडूवाल्या बायांसकट. एक जण म्हणाला, त्यांचं नंतर बघू, त्या युनियनमध्ये नाहीत.

पुढच्या मीटिंगला मी त्यांच्या पायांची मापं कागदावर उतरवून नेणार आहे. बारा बाया आहेत. नावासकट मापं.