पाऊस, रंजक आणि चकमकीची बंदूक

अलीकडच्या ऐतिहासिक सिनेमांत आणि मालिकांत मुसळधार पावसात बंदुका धडाधड उडतात. पडदा आहे, उडू द्याव्यात. पण आपल्या घरातली मुले ते खरे धरतात, आणि मोठ्यांच्या बैठकीत नेहमीचे वाक्य ऐकू येते : मराठ्यांकडे जुनी हत्यारे, इंग्रजांकडे नवी, म्हणून राज्य गेले. आम्हाला हे वाक्य तितकेसे पटत नाही. वर्षाचे चार महिने तरी दोघांचीही बंदूक सारखीच लाचार होती.

आधी बंदूक समजून घेऊ. सर्वांत जुनी ती तोड्याची, म्हणजे जामगीची. सुताचा जळता तोडा चापात धरलेला असे. घोडा ओढला की तो नळीशेजारच्या खळग्यातल्या बारीक दारूला टेकायचा. या दारूला रंजक म्हणत. रंजक पेटली की तिची ज्वाळा कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, आत जाई आणि मुख्य बार उडे. पावसात तोडा विझला की सारे संपले. शिवाय रात्री त्याचे लाल टोक शत्रूला दुरून दिसे.

चकमकीच्या बंदुकीत तोडा गेला. चापाच्या जबड्यात गारगोटी आली. ती पोलादी पट्टीवर आपटून ठिणग्या पाडी, आणि त्याच क्षणी पट्टी मागे सरकून रंजक उघडी होई. हीच पट्टी एरवी रंजकेवर झाकण म्हणून बसलेली असे. तोड्यापेक्षा ही सोय खूपच चांगली, रिमझिमीत तर निश्चितच. पण गारगोटी ओली झाली, पट्टीवर पाणी आले किंवा झाकणाच्या फटीतून एक थेंब आत गेला, तर चाप नुसता खट् वाजतो. कधी रंजक भुर्रकन जळते आणि आतला बार तसाच राहतो. आपण आजही बोलताना ‘फुसका बार’ म्हणतो, तो हाच.

खरा घात दारूच्या स्वभावातच आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण, त्यात सोराच सुमारे तीन चतुर्थांश. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर त्यातले इतर क्षार हवेतला दमट ओढून घेतात. बार उडाल्यावर नळीत जी राख उरते तीही पाणी धरते आणि तिचा चिखल होतो. म्हणजे पाऊस थांबलेला असला तरी दहा-वीस बारांनंतर बंदूक कुरकुरू लागणारच. शिपाई चापाभोवती तेलकट कातडे गुंडाळत, नळीच्या तोंडाला बूच लावत, बंदूक उलटी धरून चालत. पण नेम धरताना कातडे काढावेच लागे.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातले दुर्गप्रकरण वाचा. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आत ओल पोचू नये, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा शिक्कामोर्तब करून ठेवावी, अशी तिथे स्पष्ट ताकीद आहे. पावसाळा जवळ आला की तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांच्या कानात मेण भरावे, वर आडोसा करावा. आम्ही सरकारी नोकर, दर मे महिन्यात पावसाळापूर्व कामांची परिपत्रके फायलीला लावणारे. तीनशे वर्षांपूर्वीचे हे परिपत्रक आम्हाला जास्त नेमके वाटते, कारण त्यात काम कोणाचे, किती दिवसांनी आणि कसे, हे तिन्ही आहे.

याचाच दुसरा भाग छावणीचा. पावसाळ्यात लष्कर मुलखात परत येऊन छावणी करी आणि दसऱ्याला पुन्हा बाहेर पडे. सीमोल्लंघनामागे नद्यांचे पूर, वैरण आणि शेतीची कामे ही मोठी कारणे होतीच. आमच्या मते त्यांच्या जोडीला कोरडी दारू हेही धरले पाहिजे.

पण ठरलेला ऋतू शत्रूलाही ठाऊक असतो. आपला हा मुलूख ज्या नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता, त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ च्या पावसाळ्यात बंगालमध्ये काटव्याला छावणी करून होते. अलिवर्दीखान ऋतू संपेपर्यंत थांबला नाही. सप्टेंबरअखेर, ऐन दुर्गापूजेत, त्याने नावांचा पूल बांधून रातोरात नदी ओलांडली आणि छावणी उधळली.

त्याच बंगालमध्ये पंधरा वर्षांनी, २३ जून १७५७ रोजी प्लासीला, भर दुपारी पावसाची जोरदार सर आली. इंग्रजांनी दारूवर ताडपत्र्या टाकल्या, नवाबाची दारू भिजली. इंग्रजांच्या तोफाही गप्प झाल्या असतील अशा समजुतीने मीर मदन चालून गेला आणि तोफेच्या माऱ्यात पडला. फितुरी होतीच, तिच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. ताडपत्रीविषयी कमी वाचतो. दोन्हीकडची दारू पाण्यात सारखीच निकामी होणारी, फरक फक्त झाकण्याचा.

जनरल वेलस्लीने तर पावसाळ्याचीच निवड केली. मराठी घोडदळाला भरल्या नद्या ओलांडता येत नाहीत, आपण मात्र होड्या बरोबर ठेवू, हे त्याचे गणित. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. मात्र पुढच्याच वर्षी हे गणित दुसऱ्या एका इंग्रज सेनानीवर उलटले. कर्नल मॉन्सन पाच पलटणी घेऊन यशवंतराव होळकरांच्या मागावर राजपुतान्यातून खाली उतरला, आणि जुलै १८०४ मध्ये मुकुंदऱ्याच्या खिंडीतून त्याला परत फिरावे लागले. धान्य नव्हते, होड्या नव्हत्या, वरून पाऊस. तोफा चिखलात इतक्या रुतल्या की त्यांच्या कानात खिळे ठोकून त्या सोडून द्याव्या लागल्या, दारूगोळा नष्ट करावा लागला. चंबळ आणि बनास ओलांडताना होळकरांचे स्वार पाठीवर होतेच. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी उरलेसुरले लोक आग्र्याला पोचले. इथे नवी बंदूक इंग्रजांकडे होती आणि पाऊस यशवंतरावांनी वापरला.

हा बरोबरीचा सामना मोडला तो टोपीच्या बंदुकीने. तिची मूळ कल्पना अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याची, पेटंट १८०७ चे. पुढे तिला तांब्याच्या छोट्या टोपीचे रूप आले. टोपीत आघाताने पेटणारे रसायन, त्यामुळे उघडी रंजकच उरली नाही. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलिचला दोन्ही तऱ्हांच्या बंदुकांचे सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीची ९२२ वेळा फसली, टोपीची फक्त ३६ वेळा. तरी कंपनीच्या हिंदी शिपायांच्या हाती बराच काळ चकमकच राहिली. ३० मे १८४१ रोजी चीनमध्ये कँटनजवळ सान्युआनली येथे मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी वादळी पावसात सापडली. एकही बंदूक उडेना. हजारो गावकऱ्यांच्या वेढ्यात चौकोन करून शिपाई संगिनींवर तगून राहिले. शेवटी टोपीच्या बंदुका घेतलेले गोरे नाविक सैनिक आले, तेव्हा त्यांची सुटका झाली.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. तोपर्यंत इंग्रजांच्या फौजेत टोपीची बंदूक रुळली होती.

आपल्यापैकी काही घरांत परवान्याची जुनी ठासणीची बंदूक अजून दसऱ्याला पाटावर मांडली जाते. यंदा हळदकुंकू वाहण्याआधी तिचा चाप जरा निरखून पाहा (आत जुना बार राहिलेला असू शकतो, म्हणून घोड्याला हात न लावता). चापाच्या टोकाला तोडा धरायची चीर असेल तर ती जामगीची. गारगोटी दाबून धरणारा स्क्रूचा जबडा असेल तर चकमकीची. नळीच्या बुडाशी बोंडासारखा उंचवटा आणि त्यावर आपटणारा बोथट हातोडा असेल तर टोपीची. पुष्कळ चकमकीच्या बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. तशी असेल तर रंजकेचा खळगा जिथे होता तिथे बुजवलेली भोके हाताला लागतील.