शमी आणि आपटा : दसऱ्याच्या दोन वृक्षांची कथा



वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. उभे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. एका शब्दाचा माग काढता काढता मी झाडापाशी पोहोचलो आणि तेथे माझी फजिती झाली. ती प्रथम सांगून टाकतो.

सेवानिवृत्तीनंतर मी एका रोपवाटिकेतून ‘शमी’ म्हणून रोप आणले आणि अंगणात लावले. सहा वर्षे दसऱ्याला त्याची यथासांग पूजा केली. एका पावसाळ्यात ते फुलले. तुरा अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा. वनस्पतिशास्त्राचे एक जुने सहकारी चहाला आले होते. ते म्हणाले, “सर, ही शमी नव्हे, सिगमकाठी.” खऱ्या शमीचे तुरे एकरंगी, फिकट पिवळे असतात आणि तिचे बारीक काटे दोन पेरांमधल्या भागावर विखुरलेले असतात. सिगमकाठीत आखूड फांदीचे टोकच काटा होते. ज्याने वर्गात विराटपर्व शिकविताना पांडवांची शस्त्रे शमीवर शंभरदा ठेविली, त्याला शमी ओळखता येऊ नये! त्या दिवसापासून हा अभ्यास सुरू झाला.

शमी म्हणजे राजस्थानची खेजडी. मराठीत तिला ‘सौंदड’ हे अस्सल नाव आहे. देशावरचा शेतकरी ते जाणतो. आम्हा इंदूरकरांच्या घरात मात्र पोथीतली शमी राहिली आणि बांधावरची सौंदड विसरली गेली. हा मुळात कोरड्या प्रदेशाचा वृक्ष. मुळे फार खोल जातात, ऐन उन्हाळ्यात पाला फुटतो. पाला गुरांना, कोवळ्या शेंगा माणसांना. त्या सांगरीच्या भाजीची चव आपल्यापैकी अनेकांनी मारवाडी शेजाऱ्यांकडे घेतली असेल. १८६८-६९ च्या दुष्काळात राजपुतान्यातील लोकांनी खेजडीच्या सालीचे पीठ करून दिवस काढले. अशा झाडासाठी माणसे प्राण देतात यात नवल नाही. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावी, राजाच्या माणसांनी खेजड्या तोडू नयेत म्हणून अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी झाडांना मिठी मारून मरण पत्करले. त्याच सुमारास मल्हारराव होळकरांचा माळव्यात जम बसत होता. या दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही. पण इतिहासाच्या एकाच पानावर त्या शेजारी ठेवाव्यात असे मला वाटते.

आपटा याच्या उलट. तो सह्याद्री, सातपुडा, विंध्य यांच्या पानझडी जंगलांतला. संस्कृतात त्याला अश्मंतक म्हणतात. सालीचा वाख बळकट असतो, त्याचे दोर वळतात. पानांच्या विड्या होतात. पान मधोमध दुभंगलेले, जणू दोन भावंडे जोडलेली. योगायोग असा की या वनस्पतींच्या शास्त्रीय कुलनामात, ‘बौहिनिया’त, बाउहिन नावाच्या दोन वनस्पतिज्ञ भावांचीच स्मृती आहे.

आता ही दोन झाडे दसऱ्याला एकत्र कशी आली? आपण मुलांना सांगतो की, कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी कुबेराने आपट्यावर सुवर्णवृष्टी केली. पण कालिदासाचा ‘रघुवंश’ उघडून पाहा. पाचव्या सर्गात ती वृष्टी कोषगृहात होते; तेथे झाडच नाही. आपटा त्या कथेत मागाहून, लोकांच्या तोंडून आला. खरा धागा मला ‘धर्मसिंधू’त सापडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनी तो रचिला. त्यांत विजयादशमीला शमीपूजन सांगितले आहे आणि शमी न मिळाल्यास अश्मंतक पूजावा असा पर्याय दिला आहे. शास्त्रीबुवांचे मूळ घराणे कोकणातले. कोकणाच्या मुसळधार पावसात शमी कोठून रमणार? तेव्हा धर्मशास्त्रातला हा पर्याय मला भूगोलाचा पुरावा वाटतो. कोरड्या मुलखातला विधी डोंगराळ मुलखात आला, आणि तेथल्या माणसांनी आपल्या रानातले झाड त्याच्या जागी उभे केले. (मनुस्मृतीतही मेखलेसाठी मुंज न मिळाल्यास जे पर्याय दिले आहेत, त्यांत अश्मंतकाचे नाव आहे. बिचाऱ्याच्या कपाळी बदलीचेच काम!)

मराठे सीमोल्लंघन करून नर्मदापार झाले तेव्हा आपट्याची ‘सोन्या’ची चाल बरोबर घेऊन आले. येथे मात्र विंध्याच्या उतारावर आपटा होता आणि मंदसौर-नीमचच्या कोरड्या अंगाला शमीही होती. आमचे आजोबा सांगत, होळकरांची दसऱ्याची स्वारी राजवाड्यापासून थाटाने निघून दसरा मैदानावर शमीपूजनास जाई. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. मैदान आहे, नाव आहे.

आज अवस्था काय? बाजारात ‘सोने’ म्हणून कांचनाच्या फांद्याच्या फांद्या येतात. कांचनाचे पान मोठे व लांबट. आपट्याचे लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी अधिक. रानातला आपटा ऑक्टोबरात ओरबाडला जातो तो वेगळाच. तिकडे मरुभूमीत खेजड्या वाळत असल्याचे जोधपूरच्या शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे, आणि अमेरिकेतून आणलेली विलायती बाभूळ सर्वत्र पसरली आहे. तिला आजवर शमीच्याच ‘प्रोसोपिस’ कुळात गणीत. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला ‘नेल्टुमा’ या निराळ्या कुळात काढले. प्रोसोपिस हे नाव शमीकडे राहिले. शास्त्रज्ञांच्या दप्तरी का होईना, घरच्या वृक्षाला न्याय मिळाला.

गेल्या वर्षी मंदसौरच्या एका माजी विद्यार्थ्याने शेताच्या बांधावरच्या खेजडीच्या पिकल्या शेंगा पाठविल्या. बिया एक रात्र पाण्यात भिजवून पेरल्या. सात उगवल्या, चार जगल्या. त्यांतली दोन रोपे आज कार्यक्रमापूर्वी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केली आहेत; उन्हाची, पाणी साचत नाही अशी जागा त्यांनी द्यावी. जाम दरवाज्याखालच्या उतारावरून आपट्याचे बी आणणे मात्र राहून गेले आहे. आणि अंगणातली सिगमकाठी मी उपटलेली नाही. सहा वर्षे तिने माझा नमस्कार निमूटपणे घेतला; आता तिला जा कसे म्हणू?