एम्प्रेस मिलची रिंग चाती आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा नफा

१/ कृत्रिम बुद्धिमत्तेतून धंद्याला खरोखर लाभ कसा होतो? नागपूरच्या मिहानमध्ये कार्यालये थाटलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, एचसीएल यांसारख्या कंपन्यांपुढे आज हा प्रश्न आहे. याच शहरात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तो एका वेगळ्या यंत्राविषयी उभा राहिला होता. 🧵

२/ १८७४ साली जमशेटजी टाटांनी १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली. गिरणी म्हटली की मुंबई, अशी तेव्हाची समजूत. जमशेटजींनी नागपूर निवडले, कारण वऱ्हाडचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि रेल्वे, तिन्ही हाताशी होती. जुम्मा तलावालगतची (आजचा गांधीसागर) दलदलीची जागा भराव घालून उभी करावी लागली. 'हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे,' असे म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारल्याची कथा प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि 'एम्प्रेस' हे नाव तिला चिकटले.

३/ आरंभ मात्र निराशाजनक होता. स्वस्तातली यंत्रे घेतली होती. सूतही तसेच निघाले. पुढे ती बदलावी लागली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेतून आलेले, गिरणीचा अनुभव शून्य. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी यांच्याकडे होती. ही जोडी पुढे फार मोलाची ठरली.

४/ मग आली रिंग चाती. जुने 'म्यूल' यंत्र आधी सूत ओढून पीळ देई, मग थांबून ते गुंडाळी. ते चालवायला मुरलेला कारागीर लागे. रिंग यंत्रात ओढणे, पिळणे, गुंडाळणे हे सारे अखंड चाले, आणि नवखा कामगारही ते लवकर शिके. अमेरिकेत जॉन थॉर्पने १८२८ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. एम्प्रेस मिलने आधी मोजक्या यंत्रांवर प्रयोग केला, निकाल पाहिला, आणि मगच त्यांची संख्या वाढवली.

५/ आता गंमत पाहा. ही यंत्रे लँकेशायरलाही मिळत होती, तरी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथल्या बहुसंख्य चात्या म्यूलच्याच होत्या. इंग्रज गिरणीवाले मूर्ख होते, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांच्याकडे कुशल म्यूल-कारागीर मुबलक होते आणि बारीक सुताला म्यूलच बरे पडे. शिवाय तिथे सूत एका गिरणीत निघे व कापड दुसरीत विणले जाई. रिंगचे सूत जड लाकडी कांड्यांवर गुंडाळलेले असल्याने त्याची ने-आण महाग पडे. एम्प्रेस मिलमध्ये सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग एकाच आवारात! यंत्र तेच, पण एकाला अडचण आणि दुसऱ्याला नफा.

६/ वीज आली तेव्हाही असेच घडले. कारखान्यांनी वाफेच्या इंजिनाजागी मोटर बसवली, पण मांडणी जुनीच ठेवली; खरा लाभ दिसायला काही दशके गेली, हे अर्थेतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये दाखवले. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे तर आज वर्गणी भरून कोणालाही मिळतात. म्हणून स्पर्धकाहून वेगळे काही हाती येते ते जवळच्या माहितीतून (हा आजचा वऱ्हाडी कापूस) आणि कामाची साखळी नव्याने जुळवण्यातून. जुन्या कारभारावर नुसते नवे यंत्र ठेवले, तर बहुधा खर्चच वाढतो.

७/ आणि नफ्यातला वाटा? गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून तिथे संप झाला. भारतातील गिरणी कामगारांच्या पहिल्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. गैरहजेरी ही तर रोजचीच डोकेदुखी होती. काम सोपे झाले तरी माणसे टिकत नसतील, तर चात्या रिकाम्या फिरणार, हे व्यवस्थापनाला लवकर उमगले. हवा खेळती ठेवण्याची व आर्द्रतेची साधने बसली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. त्यात उदारता होती, तसा हिशेबही होता. एम्प्रेस मिल त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे चालली.